कोयत्याची रीत कुठून आली

(वनहक्क दाव्यांच्या शिबिरात संघटनेच्या वतीनं केलेली मांडणी. बोललेलं थोडं आवरून इथं छापत आहोत. ज्या पाड्यांत वाचणारं कोणी नसेल तिथं कार्यकर्त्यांनी बैठकीत वाचून दाखवावं.)



शिबिर दाव्यांचं आणि आम्ही सकाळी सकाळी ऊसतोडीवर बोलायला उभे राहिलो, म्हणून काही जण एकमेकांकडं बघताहेत. बघा, पण ऐका. गेल्या हिवाळ्यात आपल्या दोन पाड्यांची ग्रामसभा तीन वेळा बोलावली आणि तिन्ही वेळा मोडली. कोणी विरोध केला नाही, भांडण झालं नाही. माणसंच नव्हती. वनहक्काच्या नियमात आधी दोन-तृतीयांश हजेरी लागायची. २०१२ साली नियम बदलले, आता निम्मी लागते आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश तरी बाया पाहिजेत. शिवाय दाव्यावर ठराव करायचा तर ज्यांचे दावे आहेत त्यांतले निम्मे तरी समोर पाहिजेत. आपले निम्म्याहून जास्त दावेदार त्या वेळी गुजरातेत उसाच्या फडात कोप्या घालून बसले होते. मोजणीला माणूस आला तेव्हा एका घरी प्लॉट दाखवायला फक्त म्हातारी होती. तिनं नाल्यापर्यंत हद्द दाखवली. नाल्याच्या पलीकडचा तुकडा कागदावर आलाच नाही. तो तुकडा त्या घरानं तीस वर्षं नांगरलाय.

म्हणून आज आधी ऊस, मग दावे.

कोयत्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, ते तर पहिल्यापासून आहे. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? इथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांच्या तरुणपणी कोयता नव्हता, सालदारी होती. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर मोठ्या जमीनदाराकडं वर्षाच्या बोलीवर राहायचं, आधी पैसे उचलायचे, वर्षभर फेडायचे, फिटले नाहीत तर पुढचं सालही तिथंच. त्या सालदारीवर १९७० नंतर मोठा लढा झाला. अंबरसिंग सुरतवंती यांचं नाव आजही घराघरात आहे. गेलेल्या जमिनी मागितल्या, सालदाराचा पगार वाढवून मागितला. तेव्हा जमीनदारांनी काय केलं ठाऊक आहे? पीक संरक्षण सोसायट्या काढल्या. नाव सोसायटीचं आणि काम काठीवाले पहारेकरी ठेवायचं. सोसायटी म्हणजे गरिबांनी एकत्र येणं, एवढंच आपण शाळेत ऐकलेलं. ती भांड्यासारखी असते. भांडं ज्याच्या हातात, तो त्यात काय शिजवेल ते त्याच्यावर.

आता उसाच्या गोष्टीकडं येऊ. ही गोष्ट आपल्या डोंगरातली नाही, पण आपल्यापर्यंत आली आहे.

नगर जिल्ह्यात लोणी गाव आहे. तिकडं इंग्रजांच्या वेळी प्रवरेच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला. साखरेचे कारखाने खासगी कंपन्यांचे. शेतकरी गूळ करायचा आणि गुळाचा भाव व्यापारी पाडायचा. विठ्ठलराव विखे पाटील हे तिथलेच शेतकरी. त्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे शेअर गोळा केले. धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्राचे मोठे जाणकार, त्यांनी अध्यक्षपद घेतलं. १९५० साली शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना तिथं सुरू झाला. यात काही खोटं नाही. सावकार आणि कंपनी या दोघांच्या मधून लहान शेतकऱ्यांनी वाट काढली, ही मोठीच गोष्ट होती.

पण ही रीतही लोणीत उगवलेली नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला आणि आजूबाजूच्या गावांत शेतकरी सावकारांवर उठले, त्यांचे कर्जरोखे जाळले. सरकार हादरलं. पुढं बऱ्याच वर्षांनी, १९०४ साली, इंग्रजांनी सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. त्याचा नमुना जर्मनीतल्या खेड्यांतला होता. रायफायझन नावाच्या माणसानं तिथं लहान लहान पतसंस्था काढल्या होत्या. एका गावची एक संस्था, सगळे एकमेकांना ओळखणारे, एकाचं कर्ज बुडालं तर सगळ्यांनी मिळून भरायचं. आपल्याकडं आली तेव्हा ती वरून आली. सरकारी रजिस्ट्रार बसला, तपासनीस बसला, छापील पोटनियम आले. एकमेकांना ओळखणं आणि एकमेकांवर लक्ष ठेवणं हे मात्र बोटीत चढलं नाही.

हे हसण्यावारी नेऊ नका. आपल्या भागात आदिवासी विविध कार्यकारी सोसायट्या आहेत. इथं बसलेल्यांपैकी सोसायटीचे सभासद कोण, हात वर करा. (चार हात वर झाले.) आता सांगतो, यादी आमच्याकडं आहे, तुमच्यातले निम्मे सभासद आहेत. आपण सभासद आहोत हे आपल्याला कर्जमाफीची यादी लागली तेव्हा कळतं.

असो. लोणीचा कारखाना चालला, तसे बाकीचे तालुके उठले. १९५४ साली ग्रामीण पतपुरवठ्याची देशभरची पाहणी छापून आली. तिनं सांगितलं की सहकारी संस्थेत सरकारनंही भागीदार व्हावं. मग सरकारचा शेअर, बँकेचं कर्ज आणि शेतकऱ्याचा शेअर असं मिळून एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्याच साच्यातून सूतगिरण्या निघाल्या, दूध संघ निघाले, कॉलेजं निघाली. सुरुवातीला दोन-तीन एकरवाल्याच्या मताला जी किंमत होती ती हळूहळू कमी झाली. संचालकाची खुर्ची बापाकडून मुलाकडं जायला लागली आणि लोकांनीच ‘साखरसम्राट’ हा शब्द काढला. रीत पसरते तशी बदलतेही. पण आम्हाला आज सांगायचं ते याच्यापुढचं आहे.

ऊस तोडला की ठेवता येत नाही. ज्वारी कणगीत राहते, मोहफुलं वाळवून ठेवली की पावसाळा काढतात. उसाचं तसं नाही. कापल्यापासून त्यातली साखर उतरायला लागते, एका दिवसाच्या आत तो गव्हाणीत पडला पाहिजे. आणि कारखाना एकदा पेटला की पाच महिने रात्रंदिवस चालतो, त्याला मध्येच थांबणं परवडत नाही. शेकडो शेतकऱ्यांनी आपापल्या मर्जीनं ऊस तोडून आणला असता तर एक दिवस ढीग आणि दुसऱ्या दिवशी गव्हाण रिकामी. म्हणून तोडणी आणि वाहतूक कारखान्यानं आपल्या हातात घेतली. कोणाचा फड कधी तोडायचा ते शेतकी ऑफिस ठरवतं, चिठ्ठी काढतं, टोळी पाठवतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही फार सोयीची रीत आहे. हुशारीचीही आहे, ते मान्य केलं पाहिजे.

पण मग अशी माणसं पाहिजेत की जी रात्री दोन वाजता गाडी आली तरी उठून भरतील. ज्यांचं घर जवळ नाही, ज्यांना बाजाराला, लग्नाला, मयताला जाता येत नाही, आणि हंगाम संपला की जी निघून जातील. गावची माणसं अशी नसतात. गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो, भाव पटला नाही तर दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून माणसं लांबून आणायची. महाराष्ट्रात ती बीडकडच्या, पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावांतून आणली. माणसं आणायला मुकादम, ती येतील याची खात्री म्हणून पावसाळ्यात उचल, आणि मोजायला कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो तोडतो, ती साळते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते. एकटा गेला तर अर्धा कोयता.

म्हणजे एकाच कारखान्यात दोन रीती सोबत वाढल्या. एक सभासदाची. तिला कायदा आहे, पोटनियम आहेत, वार्षिक सभा आहे, मत आहे. दुसरी तोडणाऱ्याची. ती कुठल्याही पोटनियमात लिहिलेली नाही, ती मुकादमाच्या खिशातल्या वहीत आहे. आणि कारखान्याचा नमुना जिथं जिथं गेला तिथं या दोन्ही रीती जोडीनं गेल्या. पहिलीचं कौतुक छापून आलं. दुसरी न छापता पोचली.

गुजरातेत बारडोलीला १९५० च्या दशकात सहकारी कारखाना निघाला. बारडोली म्हणजे १९२८ साली वल्लभभाई पटेलांबरोबर शेतकऱ्यांनी साऱ्याविरुद्ध सत्याग्रह केला तीच. नंतर दक्षिण गुजरातेत तसेच आणखी कारखाने झाले. यान ब्रेमन नावाचे एक डच अभ्यासक त्या भागात अनेक वर्षं जाऊन राहिले. त्यांनी लिहून ठेवलं आहे की ज्या गावांत ऊस उभा, त्याच गावांत हळपती मजूर कामाविना बसलेले, आणि तोडीला माणसं मात्र आणली खानदेशातून. खानदेशातून म्हणजे आपणच की! हळपती आळशी आहेत असं तिथले शेतकरी सांगायचे. आपल्याकडं आपल्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला घरी जाता येतं तो आळशी, आणि ज्याला जाता येत नाही तो चांगला कामगार, एवढाच त्याचा अर्थ.

आता थोडा हिशेब करू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या टोळीचे वेगळे असतील, पण रीत हीच. समजा टनाला २४० रुपये भाव. एक कोयता दिवसाला दीड टन ऊस पाडतो, म्हणजे ३६० रुपये. माणशी १८० झाले, तेही बारा-चौदा तासांचे. पाच महिन्यांत पाऊस, आजारपण, गाडीची वाट बघणं आणि खाडे सोडून १२० दिवस काम मिळालं, तर ४३,२०० रुपये. उचल घेतली होती ४०,०००. दर आठवड्याला धान्य-किराण्याला ६०० घेतले तर सतरा आठवड्यांचे १०,२००. एकूण घेतलं ५०,२००. म्हणजे पाच महिने दोघांनी राबून होळीला घरी येताना अंगावर ७,००० बाकी. ही बाकी फेडायला पुढच्या वर्षी जायचं. काही मुकादम उचलीवर दीडपट लावतात, हजार दिले की दीड हजार कापतात. तो हिशेब आम्ही यात धरलेलाच नाही.

सालदारी गेली असं आपण म्हणतो. सालदाराला निदान मालकाचं तोंड माहीत होतं. त्याच्या दारात जाऊन शिव्या तरी देता यायच्या. कोयत्याचा मालक कोण? शेतकरी म्हणतो तोडणी कारखान्याची. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, मजूर आमचा नाही. मुकादम म्हणतो मीच कर्जात आहे. तिघंही थोडं थोडं खरं बोलतात, म्हणून तर ही रीत इतकी वर्षं टिकली.

शेतकऱ्याच्या उसाच्या पैशाला कायदा आहे. १९६६ च्या आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. तेही नीट पाळलं जात नाही, त्यासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. पण मागायला कागद तरी आहे. तोच ऊस ज्यानं तोडला त्याचा हिशेब पाच महिन्यांनी, तोंडी. कायदे आपल्यासाठीही झाले. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध झाला. उचल दिली म्हणून माणसाला काम सोडून जाऊ न देणं त्यात बसतं. १९७९ साली दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी झाला. त्यात लिहिलं होतं की ठेकेदाराला परवाना पाहिजे, मजुराला पासबुक पाहिजे, जाण्यायेण्याचं भाडं पाहिजे. एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीच सक्ती. पण पासबुक कोणी पाहिलंय? कोणीच नाही. वहीत नाव नाही तोवर कायद्याला माणूस दिसत नाही.

नावावरून बायांना एक सांगायचंय. कोयता म्हणजे दोन माणसं, पण मुकादमाच्या वहीत नाव एकच, पुरुषाचं. उचलही त्याच्याच हातात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींची लग्नं दिवाळीच्या आधी का होतात? जोडी झाली की पूर्ण कोयता, म्हणून. आणि वनहक्काचा पट्टा? तिथं कायदाच सांगतो की नवरा-बायको दोघांच्या नावानं. तो पट्टा विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, वारसाला मिळतो. एका कागदावर बाई अर्धी मालकीण आणि दुसऱ्या वहीत तिचं नावच नाही. पट्ट्याच्या मोजणीला तिनं हजर राहायचं, तेव्हाच तिला मोळ्या वाहायला लांब जावं लागतं. आज दावे आणि ऊस एकत्र का काढले, ते आता ध्यानात आलं असेल.

आता आमची चूक सांगतो. मुकादमाशिवाय टोळी नेऊन बघितली होती. चौदा कोयते, एका पाड्याचे. कारखान्यानं दारात उभं केलं नाही, कारण करार करायला कोणाच्या तरी नावावर उचल लागते, तारण लागतं. दुसऱ्या वर्षी आपल्यातलाच एक शिकलेला पोरगा मुकादम केला. पहिलं वर्ष छान गेलं. रोज रात्री टनाचा आकडा सगळ्यांना वाचून दाखवायचा, हिशेब चोख, सगळे खूश. तिसऱ्या वर्षी त्यानं मोटारसायकल घेतली. चौथ्या वर्षी वही वाचणं बंद. तो वाईट नव्हता. आम्ही माणूस बदलला, रीत तीच ठेवली. वही त्याच्याच खिशात, उचल त्याच्याच नावावर, कमिशन त्यालाच. मग तो दुसरं काय होणार? यात त्याच्याइतकेच आम्ही दोषी आहोत. पाड्यानं वर्षातून एकदाही बसून वही बघितली नाही.

दुसरीकडं बघा. नाशिककडं पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या द्राक्षबागांत जातात. छाटणी, विरळणी, एकरावर उक्तं काम. तिथंही पिळवणूक आहे, औषधाच्या फवाऱ्यात उभं राहावं लागतं. पण उक्त्या कामात टोळीच्या सगळ्यांना माहीत असतं की एकराचे किती ठरले आणि आपण किती जण. वाटणी तिथंच करता येते. ऊस टनावर, टन वजनकाट्यावर आणि काटा कारखान्याच्या आवारात. आपल्याला दिसतो तो फक्त फड. म्हणून टोळीनं रोज भरलेल्या गाड्या आणि गाडीतल्या मोळ्या स्वतः मोजून लिहायच्या, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. काट्याची पावती आली की ताळा करता येतो.

आपल्याकडं रीत नव्हती असं नाही. लाहा आहे. एकाच्या शेतात सगळ्यांनी जायचं, तो जेवण देणार, उद्या दुसऱ्याच्या शेतात. कोणी वही ठेवत नाही आणि कोण किती वेळा आला हे सगळ्यांना पाठ असतं. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी लोकांची पडकई आहे. उतारावर दगडी बांध घालून भातखाचरं करायची ती रीत, सगळ्यांनी मिळून. तिथल्या लोकांनी मागणी लावून धरली आणि पडकई रोजगार हमीच्या कामात धरली गेली. म्हणजे जुन्या रीतीला मजुरी मिळाली, मस्टर मिळालं. त्यातही धोका आहेच. मस्टर आलं की मस्टरवाला येतो, आणि लाह्यात जो फुकट यायचा तो म्हणतो माझं नाव लावा. हे होणार. त्यावर भांडणंही होतील. पण ते भांडण आपल्या पाड्यात, आपल्या ओळखीच्या माणसांत होईल.

शेवटी कामाचं. प्लॉटवर बांधबंदिस्ती करायला रोजगार हमीत जागा आहे. ज्यांना पट्टा मिळालाय त्यांनी आत्ताच नमुना ४ भरायचा, तारखेची पोच घ्यायची, १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता मागायचा. मुकादम उचल देतो ती आषाढ-श्रावणात, घरात दाणा नसताना. सरकारची खावटीही त्याच महिन्यांसाठी होती, पण ती पोचायची ज्वारी निसवल्यावर. काम दिवाळीला निघालं तरी उशीरच आहे, हे आम्हाला कळतं. या वर्षी बरेच जण जाणारच. त्यांना जाऊ नका म्हणायला आमच्याकडं ४०,००० रुपये नाहीत.

म्हणून जायच्या आधी ग्रामसभा घ्या. दसऱ्याच्या आत, सगळे घरी असताना. दाव्याचे ठराव तेव्हाच उरका, मोजणी राहिली असेल तर घरटी एक जाणतं माणूस प्लॉटभोवती फिरवून शेजाऱ्यांच्या सह्या-अंगठ्यांसकट हद्द लिहून ठेवा, नालासुद्धा आणि नाल्याच्या पलीकडचंही. त्याच सभेत जाणाऱ्यांची यादी करा. मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव, उचल किती, आणि बाईचं नाव वेगळ्या ओळीत. यादीची एक प्रत सभेच्या दप्तरात, एक संघटनेकडं, एक टोळीबरोबर. मुकादमाला सभेत बोलवा. येत नसेल तर तसं लिहून ठेवा. पुढची सभा भोंगऱ्या बाजाराच्या आदल्या आठवड्यात धरलीय, होळीला सगळे परत येतात म्हणून. त्या सभेला टोळीची वही घेऊन यायचं आणि मोठ्यानं वाचायची.

चहा झाल्यावर दाव्यांचे अर्ज काढू. ज्यांनी प्लॉटचे नकाशे आणलेत त्यांनी डाव्या बाजूला बसा.